दोन माणसांचं दार

थांबाकाका हे नाव कोणी ठेवलं याचा कधी पत्ता लागला नाही. लिफ्टच्या कंपनीत तीसएक मेकॅनिक होते आणि विचारलं असतं तर प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं असतं. कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्ट हलवायच्या आधी हा माणूस तेहेतीस वर्षं दर वेळी "थांबा" म्हणाला. इमारतीचा मालक घड्याळ दाखवत उभा असो, चौथ्या मजल्यावर जायची वाट बघत कोणी आजारी बाई खुर्चीत बसलेली असो, काका वर मशीनच्या खोलीत स्विचवर हात ठेवून शांतपणे म्हणायचे, "थांबा." मग खालच्या अंधारात हाक टाकायचे, "खाली?" तळाच्या खड्ड्यातून उत्तर यायचं, "मोकळं." त्यावर काका म्हणायचे, "सोडतो." मगच लिफ्ट हलायची.

हा नियम होता आणि नियमाला एक शेपूट होतं. "मोकळं" ऐकल्यावर पाच आकडे मोजून होईपर्यंत लिफ्ट सोडली नाही, तर ते उत्तर शिळं. शिळ्या उत्तरावर लिफ्ट सोडायची नाही, पुन्हा विचारायचं. पाच आकड्यांत माणूस वाकतो, पडलेला पाना उचलायला हात पुढे करतो आणि तेवढं पुरतं. नवीन मेकॅनिक हसायचे. वर्षभरात हसायचे थांबायचे.

खड्ड्यातून उत्तर देणारा माणूस सव्वीस वर्षं एकच होता. कंपनीत दोघांना वरचा आणि खालचा असंच म्हणत, पगाराच्या पाकिटावरची नावं फक्त कारकुनाला माहीत. खालचा जाडसर होता, गुडघ्याने अधू होत चालला होता आणि घरचा फोन वाजला तरी "मोकळं" म्हणून उचलायचा. त्याची बायको या सवयीला विटली होती. दोघं समोरासमोर फारसं बोलत नसत. जेवायला शेजारी बसायचे, आपापला डबा खायचे, डबे पुसून ठेवायचे. बोलणं व्हायचं ते दहा-अकरा मजल्यांच्या पोकळीतून, आणि तेही तीनच शब्दांत. पण "खाली?" आणि "मोकळं" यांच्या मधल्या त्या दोन-तीन सेकंदांत काकांना सगळं कळायचं. आज गुडघा दुखतोय, म्हणून वाकून बघायला वेळ लागला. आज घरी भांडण झालंय, म्हणून घसा खाकरला नाही. आज स्वारी खूश आहे.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी खालचा किडनीच्या आजाराने गेला. काकांना चार दिवसांनी कळलं. त्याच्या बायकोकडे काकांचा नंबर नव्हता. सव्वीस वर्षांत तो द्यायची वेळच आली नव्हती.

काकांचं घर शहराच्या कडेला, रस्ता जिथे दमून थांबतो तिथलं शेवटचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगाला चिकटलेलं गॅरेज. गॅरेजला गुंडाळून वर जाणारं लोखंडी शटर. आत एक जुनी व्हॅन, जी कंपनीने काढून टाकली आणि काकांनी घेतली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी चार तासांच्या अंतरावर मोठ्या शहरात, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि अकराव्या मजल्यावर एकटी राहायची. पूर्वी बस काकांच्या फाटकापर्यंत यायची. मग प्रवासी मिळेनात म्हणून ती पुलापाशीच वळायला लागली. पूल पाऊण तासाच्या चालीवर. म्हणजे भाजी, औषध, बँक, दाढी, सगळं त्या व्हॅनवर अवलंबून, आणि व्हॅन त्या शटरवर.

शटरची स्प्रिंग बरीच वर्षं थकत आली होती. काकांना आवाजावरून कळत होतं, पण स्वतःच्या घरचं काम मेकॅनिकच्या हातून होत नाही. एका मंगळवारी सकाळी त्यांनी शटर छातीपर्यंत उचललं आणि वर गुंडाळीत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. सगळं वजन खाली आलं. काकांनी उजवा खांदा दिला. खांद्यात कळ गेली, पण हलता येईना. वर ढकलायला जोर नाही, सोडून द्यावं तर पाय शटरखाली. पूर्वीच्या दिवसांत अशा वेळी एकच हाक पुरली असती. ते तसेच उभे राहिले, एखादी पेटी खांद्यावर घेऊन पत्ता विसरलेल्या हमालासारखे.

पोस्टमन आला तेव्हा ऊन फाटकावरून अंगणात उतरलं होतं.

"व्यायाम का, काका?"

"नाही. जरा हात लावा."

पोस्टमनने सायकल टेकवली, दोन्ही हातांनी शटर पेललं. काका बाहेर सरकले, मग दोघांनी ते हळूहळू खाली सोडलं.

"किती वेळचे उभे होतात?"

"झाला असेल थोडा वेळ."

"हाक मारायची ना कोणाला तरी."

काकांनी रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर पोस्टमनची सायकल होती.

"तेही खरंच म्हणा," पोस्टमन म्हणाला. पिशवीतून एक पाकीट काढून त्याने पेन पुढे केलं. "इथे सही. डाव्या हाताने केलीत तरी चालेल, मी काही तपासत नाही."

मुलगी रोज सात वाजता फोन करायची. त्या दिवशी काकांनी सवयीने उजव्या हाताने फोन उचलला आणि तो फरशीवर पडला. तिने एकेक प्रश्न विचारून सगळं बाहेर काढलं. प्रयोगशाळेतल्या माणसाला हे जमतं. थेंबभर मिळालं तरी पुरतं.

"बाबा, तुम्ही इकडे या."

"अकराव्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे."

"तीच तर भीती आहे. कोणी बसवली आहे देव जाणे."

ती हसली. मग हसणं आवरून म्हणाली, "मी थट्टा करत नाही. पोस्टमन आला नसता तर?"

"येतोच तो."

"दर मंगळवारी, आणि पत्र असलं तर. बाबा, तुमचा खांदा बरा झाला तरी ते शटर तुम्ही उचलायचं नाही. आणि गाडी बाहेर निघाली नाही तर तिथे राहायचं कसं?"

काकांना तिच्या घरी जायचं नव्हतं. तिथे त्यांना करायला काही नव्हतं. मागच्या खेपेला आठवडाभर राहिले, तेव्हा ती कामावर गेल्यावर ते लिफ्टने खाली जायचे, वर यायचे आणि दार बंद होतानाच्या आवाजात दोष काढायचे. इथे निदान दोष स्वतःचे होते.

"ऐका," ती म्हणाली. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येते. तुम्ही एकट्याने, कोणाचाही हात न लागता, गाडी बाहेर काढून दाखवा. दाखवलीत तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. कधीच नाही. नाही दाखवलीत तर बॅग भरायची."

"परीक्षाच की ही."

"हो. आणि पेपर आधीच फोडलाय तुम्हाला."

काकांनी विचार केला. मोटर होती. लिफ्टच्या दाराची एक जुनी मोटर पलंगाखाली कापडात गुंडाळून ठेवलेली, बायको असताना तिच्यावरून वर्षातून एकदा वाद व्हायचा. साखळी होती. शटर वर पोचलं की मोटर बंद करणारे लिमिट स्विच डबाभर होते. नव्हतं ते हुकूम देणारं डोकं. त्यासाठी ते पुलापर्यंत चालत गेले आणि बसने गावात.

सुट्या भागांचं दुकान चष्म्याच्या आणि घड्याळाच्या दुकानांमध्ये अंग चोरून उभं होतं. चालवणारी बाई चाळिशीची, कपाळावर भिंग सरकवलेली, हातातला तारा डाखायचा सोल्डरिंगचा खिळा खाली न ठेवता गिऱ्हाइकाशी बोलणारी. काका तिला ताई म्हणायचे, वयाने ती मुलीपेक्षा फार मोठी नव्हती तरी.

"काका, हे तयार मिळतं. पेटी लावायची, बटण दाबायचं, दार उघडतं."

"ते विचारतं का?"

"काय विचारतं?"

"हलायच्या आधी."

"नाही हो. ते मुकाट्याने उघडतं."

"मग नको."

ताईने भिंग डोळ्यांवर घेतलं, काकांकडे नीट बघितलं आणि खणातून एक हिरवी पट्टी काढली. पत्त्यांच्या कॅटाएवढी. "हा घ्या. अख्खा कॉम्प्युटर आहे."

"याचा पडदा कुठे आहे?"

"घरच्या टीव्हीला लावा. काय सांगाल ते करेल. फक्त जे सांगाल तेच करेल, हे लक्षात ठेवा."

टीव्हीला तो हिरवा बोर्ड लागला आणि बातम्या बंद झाल्या. महिनाभर काकांना जगाचं काही कळलं नाही आणि जगाचंही काही अडलं नाही. ताईने दिलेलं झेरॉक्स पुस्तक पहिले दोन दिवस डोक्यावरून गेलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ओटा पुसताना काकांच्या लक्षात आलं की हे सगळं त्यांना येतं. जुन्या लिफ्टचं डोकं म्हणजे कपाटाएवढी पेटी, आत ओळीने रिले, छोटे चुंबकी स्विच. हा उचलला तर तो पडेल, तो पडला तर तिसऱ्याची वाट मोकळी. जर आणि तर. तेहेतीस वर्षं ते कपाट उघडून त्यांनी हाच मजकूर वाचला होता, खट खट आवाजात. आता ते कपाट पत्त्यांच्या कॅटात आलं होतं आणि आवाज गेला होता, एवढंच.

मग काम धावायला लागलं. आधी वहीत पेन्सिलीने लिहायचं, मग टीव्हीसमोर खुर्ची ओढून एका बोटाने टंकायचं. उजवा हात खांद्यापर्यंत उचलत नव्हता, म्हणून साखळी बसवायला त्यांनी शिडीवर दोन पायऱ्या जास्त चढून हात खालच्या बाजूला ठेवायची युक्ती काढली. संध्याकाळी सात वाजता मुलगी विचारायची, "कुठवर आलं?" आणि काका म्हणायचे, "चाललंय." त्यांच्या आवाजात बऱ्याच वर्षांत नव्हता असा काहीतरी खरखरीत उत्साह होता. तिने तो ऐकला असणार. ती त्यावर काही बोलत नसे.

एकेक भाग वेगळा तपासायचा, ही जुनी शिस्त. मोटर सरळ बॅटरीला लावून बघितली. आतलं बटण, जे गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी बसवलं होतं, ते दिव्याला लावून बघितलं. बाहेरचं बटण फाटकाच्या खांबावर होतं. शटरच्या तपासणीच्या दिवशी दर वेळी तिथवर कोण चालत जाणार, म्हणून काकांनी बोर्डाजवळच त्या बटणाची दोन टोकं एका तात्पुरत्या तारेने जोडून टाकली. शटर वर गेलं, खाली आलं, मधे न कुरकुरता. पाच वेळा केलं, पाचही वेळा झालं. गुरुवारी दुपारी त्यांनी ती तात्पुरती तार काढली. लिफ्टच्या धंद्यात तपासणीची तार तशीच विसरणं याच्याएवढं मोठं पाप नाही. तार गुंडाळून डब्यात टाकली, गाडीत बसले, बटण दाबलं.

आरशाखाली चिकटवलेल्या बोटभर पडद्यावर अक्षरं उमटली: खाली?

शटर हललं नाही. पाच सेकंदांनी अक्षरं गेली. काकांनी पुन्हा दाबलं. खाली? पुन्हा पाच सेकंद. पुन्हा कोरा पडदा. असं त्यांनी अकरा वेळा केलं, मग उतरून सगळे जोड बघितले. सगळे जोड पक्के होते. शुक्रवारी त्यांनी बोर्ड रुमालात बांधला आणि पुलाची वाट धरली. रविवार दोन दिवसांवर होता.

"मेलाय हा," त्यांनी बोर्ड ताईसमोर ठेवला.

ताईने तो लावून बघितला. "ठणठणीत आहे."

"मग दार का हलत नाही?"

"काय लिहिलंय ते वाचू दे." तिने दुकानातला पडदा स्वतःकडे वळवला आणि ओळीवर नख ठेवून मोठ्याने वाचायला लागली. "आतलं बटण दाबलं की पडद्यावर 'खाली?' दाखव. पाच सेकंद वाट बघ. तेवढ्यात बाहेरचं बटण दाबलं गेलं तर मोटर सोड. नाही तर परत पहिल्यापासून." ती थांबली. "हे बाहेरचं बटण कुठे आहे?"

"फाटकाच्या खांबावर."

"आणि आतलं?"

"गाडीत."

"तुम्ही कुठे असणार?"

"गाडीत."

"मग बाहेरचं कोण दाबणार?"

"खालचा," काका म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर तो त्यांना ऐकू आला. दुकानात पंखा फिरत होता. शेजारच्या दुकानातल्या घड्याळांनी आपापल्या सोयीने चार वाजवले.

"हा खालचा कोण?" ताईने विचारलं.

काकांनी सांगितलं. खड्डा, हाक, पाच आकडे, शिळं उत्तर. सांगायला वेळ लागला, कारण हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांना माहीतच होतं. ताईने सोल्डरिंगचा खिळा खाली ठेवला होता. मधे एक गिऱ्हाईक वायर मागायला आलं, तिने त्याला मान हलवून परत पाठवलं.

"म्हणजे तुम्ही दोन माणसांचं दार केलंत," शेवटी ती म्हणाली. "बोर्ड बिचारा प्रामाणिक आहे. सांगितलं तसं वाट बघतोय."

"मला सुचलंच नाही," काका म्हणाले. "सुचलं नाही म्हणजे, दुसरं काही सुचलं नाही."

"ही ओळ खोडली की झालं. एका मिनिटाचं काम आहे. खोडू?"

तिचं बोट बटणापाशी गेलं. काकांनी हात मधे घातला, उजवाच, आणि खांद्यातून कळ गेली.

"मी घरी खोडतो."

ताईने मान हलवली. मग खाली वाकून तिने दोन छोट्या काळ्या नळ्या त्यांच्या पिशवीत टाकल्या. "याला डोळा म्हणतात. एक शटरच्या या बाजूला, एक त्या बाजूला, मधे न दिसणारा किरण. किरण तुटला म्हणजे कोणीतरी आहे. नाही तुटला म्हणजे कोणी नाही. तुमच्या त्या माणसाचं काम हा करेल."

"एकाच रेषेत बघणार हा."

"हो."

"तो वाकून बघायचा."

"काका, रविवारी परीक्षा आहे ना तुमची? मग एका रेषेवर भागवा."

घरी येऊन काकांनी खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि ती ओळ समोर घेऊन बसले. ओळ साधी होती. महिन्यापूर्वी ती लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता. आता त्यांना कळत होतं की हा महिना बरा का गेला. महिनाभर ते एकटे काम करत नव्हते. प्रत्येक स्क्रू पिळताना, प्रत्येक तार सोलताना, शटरच्या पलीकडे एक जाडसर माणूस गुडघ्यावर हात ठेवून उभा होता. काकांनी त्याला बोलावलं नव्हतं, त्याचा विचारही केला नव्हता. त्याची जागा फक्त धरली होती, जशी बसमध्ये रुमाल टाकून धरतात. आणि आता ती ओळ खोडायची म्हणजे रुमाल उचलायचा.

दुसराही एक मार्ग होता. तपासणीची ती तार पुन्हा जोडायची आणि कायम ठेवायची. मग विचारलं की दर वेळी होकार, कोणी असो वा नसो. काकांनी हा विचार मनात आला तसा झटकला. खोटं उत्तर देणारा माणूस खड्ड्यात ठेवण्यापेक्षा रिकामा खड्डा परवडला.

शनिवारी सकाळी त्यांनी डोळा बसवला. फाटकाच्या खांबावरचं बटण काढलं, भोकं लांबी भरून बुजवली आणि वर रंगाचा हात मारला. बोर्डाला सांगितलं की उत्तर आता डोळ्याकडून घे, आणि शटर खाली येताना किरण तुटला तर जागीच थांब. गाडीत बसून बटण दाबलं. पडद्यावर "खाली?" पुरतं उमटायच्या आतच मोटर फिरली. काका दचकले. इतक्या लवकर उत्तर त्यांना आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. हे उत्तर बघून दिलेलं वाटेना. तोंडावर मारल्यासारखं वाटलं.

त्यांनी आत जाऊन एक ओळ वाढवली. डोळ्याचा होकार आला की तीन सेकंद थांब, परत बघ, मग सोड. कारण विचारलं असतं तर त्यांनी सुरक्षेचं कारण दिलं असतं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण ते तीन सेकंद त्यांनी हातातल्या घड्याळावर मोजून ठरवले नव्हते.

रविवारी मुलगी आली ती पाठीवर बॅग घेऊनच. पाणी प्यायली, खांदा दाबून बघितला, काका "आई गं" म्हणेपर्यंत दाबला, मग म्हणाली, "चला, पेपर सुरू."

काका गाडीत बसले. ती अंगणात हाताची घडी घालून उभी राहिली. खाली? तीन सेकंद. रिलेचा बारीक आवाज, मोटरची घरघर, आणि शटर वर जायला लागलं. आधी तिचे पाय दिसले, मग घडी घातलेले हात, मग चेहरा. चेहऱ्यावर काय होतं ते काकांना चटकन कळलं नाही. गाडी सुरू करून त्यांनी ती अंगणात आणली, पुन्हा आत नेली. शटर खाली येताना मुलीने काही न सांगता आपली बॅग उंबऱ्यावर सरकवली. शटर तिच्या हातभर वर थांबलं.

"छान," ती म्हणाली. बॅग उचलली. "मधे काय करत बसतं हो हे? लगेच का नाही जात?"

"यंत्राला लागतो वेळ."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, प्रयोगशाळेतल्या काचेकडे बघावं तशी. पण पुढचा प्रश्न आला नाही.

चहा घेताना दोघंही टेबलाच्या एकाच बाजूला बसले, कारण दुसरी बाजू अजून वायरींनी भरली होती.

"खोली रिकामी केली होती मी," ती कपात बघत म्हणाली. "इस्त्रीचं टेबल हलवलं, शिलाई मशीन बाल्कनीत ठेवलं. पलंगही जागेवर आणला."

"कशाला एवढा उपद्व्याप?"

"वाटलं, नाही जमणार तुम्हाला."

"जमलं."

"हो ना. जमलं."

तिने बिस्किटाचा पुडा उघडला, काकांपुढे केला, काकांनी एक घेतलं. काकांना वाटलं, आता ही म्हणेल, तरी चला, चार दिवस तरी चला. ती म्हणाली असती तर काय उत्तर द्यायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. पण ते उत्तर आत कुठेतरी तयार होत असल्याचं त्यांना जाणवत होतं. ती एकदा तोंड उघडणार एवढ्यात थांबली. शब्द दिला होता तिने. विषय पुन्हा काढणार नाही म्हणाली होती, आणि अटीची पक्की ती कोणाच्या घरात झाली होती हे काकांनाच सगळ्यात चांगलं माहीत होतं.

साडेचारच्या बससाठी काकांनी तिला गाडीतून पुलापर्यंत सोडलं. उतरताना ती म्हणाली, "आता मला काळजी नाही." बस हलल्यावरही काका ते वाक्य पुढून-मागून तपासत उभे होते. वाक्यात दोष नव्हता.

सोमवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, गाडी बाहेर काढली. शटर मागे आपलं आपण खाली आलं. गाडी रस्त्याला लागली आणि काकांच्या लक्षात आलं की कुठे जायचं हे त्यांनी ठरवलेलं नाही. महिनाभर काम होतं ते बाहेर पडण्याचं. भाजी काल मुलीने आणली होती. औषधं पंधरा दिवसांची होती. त्यांनी ताईच्या दुकानाचा विचार केला. झालं म्हणून सांगावं, बसावं जरा. मग आठवलं, सोमवारी ती दुकान बंद ठेवते.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मुलीला फोन लावला. सकाळच्या वेळी ते कधी फोन करत नसत. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"काय झालं? दार अडकलं?"

"नाही गं. उघडलं. बाहेर आलोय गाडी घेऊन."

"मग?"

"पोचलीस ना नीट, म्हटलं."

"कालच नाही का सांगितलं, पोचले म्हणून?"

"हो. सांगितलंस." काकांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. वाक्य जुळवून ठेवलं होतं, आता फक्त बोलायचं होतं. "अगं, ती खोली आहे ना..."

"हां, लागली एकदाची. सकाळी शेजारच्या दोघांना बोलावून मशीन परत आत घेतलं. बाल्कनीत धुळीने वाट लागली असती त्याची. पलंग देऊन टाकला त्यांनाच, त्यांच्याकडे हवा होता. आता पुन्हा हलवाहलवी सांगू नका म्हणाले, कंबर धरली त्यांची." ती हसली. "तुम्ही काय म्हणत होतात खोलीचं?"

समोरून पोस्टमन सायकलवर येत होता. आज मंगळवार नव्हता, म्हणजे कोणाचं तरी तातडीचं पत्र होतं. त्याने हात वर केला आणि काकांच्या घराकडे न येता अलीकडच्या फाट्यावरून दुसरीकडे वळला.

"हेच," काका म्हणाले. "मशीन खिडकीशी ठेव. उजेड चांगला येतो तिथे."

"खिडकीशीच ठेवलंय."

"मग झालं."

"सात वाजता करते फोन," ती म्हणाली. मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं. काकांनी फोन शेजारच्या सीटवर ठेवला, गिअर टाकला आणि गाडी पुलाच्या दिशेने घेतली. बाहेर पडलोच आहोत तर गाडीत हवा भरून घ्यावी, असं त्यांनी ठरवलं.